ताईचं पिस्तूल आणि पान नऊ

माझ्या दुकानाच्या दारावर पाटी आहे: 'इथे आलेला कागद पुन्हा भिजत नाही.' ही पाटीसुद्धा लॅमिनेट केलेली आहे. एकतीस वर्षं मी झेरॉक्स, बाइंडिंग आणि लॅमिनेशनचं दुकान चालवतो आहे, आणि एवढ्या वर्षांत माणसांबद्दल माझं एक मत पक्कं झालंय. माणसं कागदाशी फार वाईट वागतात. घामट खिशात कोंबतात, त्यावर चहाचा कप टेकवतात, चार घड्या घालतात आणि घडीवर फाटला की माझ्यापुढे धरून विचारतात, "काही करता येईल का हो?" येईल की! पण धडधाकट होता तेव्हा आणायला काय झालं होतं?

घरात मी आजवर काय काय लॅमिनेट केलं याची यादी बायको आल्यागेल्याला तोंडपाठ म्हणून दाखवते. आमचा लग्नाचा दाखला, माझी शाळेची गुणपत्रिका, मिक्सरचं माहितीपत्रक, औषधांच्या चिठ्ठ्या, मुलीने काढलेलं माझं पहिलं चित्र, ज्यात मला तीन हात आहेत, आणि एकदा घाईत भाजीची यादी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे काही झालं त्यात माझा हेतू वाईट नव्हता. तसं माझं प्रतिज्ञापत्रच आहे. ते पुढे येईलच.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. टपाल कचेरीत छत्तीस वर्षं तिने पत्रांवर शिक्के मारले आणि दर शनिवारी सकाळी नेमबाजीच्या क्लबात जाऊन पंचवीस मीटरवरच्या कागदाला भोकं पाडली. कपाटात चौदा पदकं आहेत. पिस्तूल पॉइंट टू-टूचं, स्पर्धेचं. त्याची मूळ मूठ तिच्या हाताला मोठी व्हायची, म्हणून दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, अक्रोडाच्या लाकडाची नवी मूठ कोरून दिली. दाजी सुतार होते. सहा मुठी त्यांनी फुकट घालवल्या, सातवी बसली. त्यानंतर ताईने कधी दुसऱ्या पिस्तुलाला हात लावला नाही. दाजी जाऊन अकरा वर्षं झाली.

दोन वर्षांपासून ताईचा उजवा हात थरथरतो. चहा पिताना बशी वाजते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता परवान्याच्या नूतनीकरणाला लागणारं प्रमाणपत्र ते देणार नाहीत. ताईने वाद घातला नाही. तिने फक्त सत्तराव्या वाढदिवसाला आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि जेवण संपता संपता लाल फीत बांधलेली एक पेटी टेबलावर ठेवली.

"छकुली, हे तुझं," ती म्हणाली आणि पेटी माझ्या मुलीपुढे सरकवली.

छकुली सव्वीस वर्षांची आहे, दातांच्या कवळ्या बनवते आणि आठ वर्षं आत्याबरोबर क्लबात जाते. तिचा हात अर्ध्यापर्यंत गेला असेल नसेल, तोच समोरून कोणीतरी किंचाळलं.

"थांब! हात लावू नकोस!"

हा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. वकील आहे, पण जन्म भाडेकरार करण्यात गेला. फौजदारी कायदा असा जेवणाच्या टेबलावर चालत आलेला त्याने प्रथमच पाहिला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते तेज आलं होतं.

"मामा, आत्या स्वतः देतेय ना?" छकुली म्हणाली.

"म्हणून तर! घेतलंस तर तू गुन्हेगार आणि दिलं तर त्या गुन्हेगार. दोघींना एकाच गाडीतून नेतील."

"अरे, मी विकत नाहीये," ताई म्हणाली. "भेट देतेय. घरातल्या घरात."

"ताई, भेट मिक्सर द्या, घड्याळ द्या. पिस्तूल नात्यावर जात नाही, परवान्यावर जातं. हिचा स्वतःचा परवाना हवा. मग तुम्ही दोघींनी मिळून अर्ज करायचा. तुमच्या पुस्तिकेतून नोंद कमी होणार, हिच्या पुस्तिकेत चढणार, वर शिक्का. तोपर्यंत त्या पेटीला तुमच्याशिवाय कोणी बोट लावायचं नाही."

"आणि क्लबात आठ वर्षं चालवतेय ती?"

"क्लबात तुम्ही हाताच्या अंतरावर उभ्या असता. परवानाधारक शेजारी, मैदान मंजूर, त्यामुळे तिथे चालतं. इथे चालत नाही."

ताईने फीत सोडली, पेटी जवळ ओढली आणि शांतपणे विचारलं, "मग आता मी हात धुवायला जाऊ की नको?"

मेहुणा विचारात पडला. वकील विचारात पडला की समोरच्याचं काम वाढतं. "तुम्ही आत गेलात की पेटी आमच्या ताब्यात आली," तो म्हणाला. "आमच्यापैकी कोणाकडेच परवाना नाही. एक तर ती बरोबर न्या, नाहीतर..."

"पिस्तूल घेऊन मी बाथरूममध्ये जाणार नाही," ताई म्हणाली.

म्हणून आम्ही चौघं बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिलो. माझं खाणं संपलं नव्हतं, मी ताट घेऊन उभा. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खाली उतरत होते. त्यांनी काळजीने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," बायको म्हणाली, "ताई हात धुतायत."

त्यानंतरचे आठ महिने छकुलीचा परवाना मिळवण्यात गेले. वैद्यकीय दाखला झाला, प्रशिक्षणाचा दाखला झाला, क्लबाचं पत्र झालं. घरात भिंतीला बोल्ट मारून एक लोखंडी कपाट बसवलं गेलं, त्याची किल्ली फक्त छकुलीकडे. माझ्याच घरात, माझ्याच भिंतीला, मला न उघडणारं कपाट! मी कुरकुरलो तर मेहुणा म्हणाला, "भाऊजी, कायद्याच्या दृष्टीने तुम्ही या घरातले सगळ्यात धोकादायक गृहस्थ आहात."

असं म्हणायला कारण घडलं होतं. चौकशीला आलेल्या हवालदाराने खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारलं, "मुलगी तापट आहे का?" त्या म्हणाल्या, "छे हो! मुलगी गरीब गाय आहे. बाप तापट आहे. परवा माझ्या आधारकार्डाला घडी पडली म्हणून मला अर्धा तास बोलत होते." हवालदाराने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मला चौकीत जाऊन सांगावं लागलं की घडीच्या बाबतीत मी ठाम असलो तरी पिस्तुलाला हात लावायचा माझा विचार नाही.

शेवटी छकुलीचा परवाना आला. हिरव्या कव्हरची नवी कोरी पुस्तिका. मी सवयीने हात पुढे केला. तिने ती पाठीमागे लपवली.

"बाबा, नाही."

"अगं नुसती बघतो."

"तुम्ही नुसतं कधीच बघत नाही."

मी दुखावलो. त्या दुखावलेल्या मनःस्थितीतच दुसऱ्या दिवशी ताई दुकानात आली. तिचा परवाना महिनाअखेरीला, तीस तारखेला संपत होता. त्याआधी हस्तांतरण व्हायला हवं होतं, आणि अर्जाला जोडायला तिच्या पुस्तिकेच्या दोन प्रती हव्या होत्या. "करून ठेव, संध्याकाळी नेते," म्हणून ती गेली.

मी पुस्तिका उघडली आणि मला अक्षरशः भरून आलं. चौतीस वर्षांचा परवाना! पिना गंजलेल्या, पान पाच एका धाग्यावर लोंबतंय, पहिल्या पानावरचा ताईचा तरुणपणचा फोटो एका कोपऱ्यातून उचललेला. त्या फोटोत तिची मान ताठ आहे आणि डोळे असे की फोटो काढणारा घाबरला असणार. प्रती काढल्यावर मी ती तशीच परत देऊ? सख्ख्या बहिणीची?

मी पिना काढल्या. बाराच्या बारा पानं सुटी केली. लॅमिनेशनची साधी पिशवी नाही वापरली, अडीचशे मायक्रॉनची वापरली, जी मी एरवी फक्त हॉटेलांच्या मेनूला वापरतो. कोपरे गोल कापले. वरून निळी स्पायरल घातली. ताईने संध्याकाळी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाली, "बरीच जाड झाली रे." ती घाईत होती. मला वाटलं, तिला बोलायला शब्द सुचत नाहीयेत.

चोवीस तारखेला आम्ही परवाना शाखेत गेलो. पिस्तुलाचा नंबर तपासायचा असल्याने ते बरोबर न्यायचं होतं, कुलूपबंद पेटीत. गोळ्या वेगळ्या पिशवीत. दोन्हीला ताईशिवाय कोणी हात लावायचा नाही, हे मेहुण्याने निघताना पुन्हा बजावलं. त्यामुळे सत्तरीची बाई दोन हातांत दोन ओझी घेऊन पुढे, आणि आम्ही तीन धडधाकट माणसं हात हलवत मागे, अशी वरात तीन जिने चढली. जिन्यात एक म्हातारे गृहस्थ थांबून मला म्हणाले, "लाज नाही वाटत?" आता त्यांना काय सांगणार!

खिडकी क्रमांक सहावरच्या कारकुनांचा चष्मा कायम कपाळावर असायचा, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना कपाळचष्मे म्हणायला लागलो. माणूस सज्जन होता. पेटी तपासली, नंबर जुळवला, छकुलीची हिरवी पुस्तिका तपासली. मग ताईची उचलली.

"ही कसली वही?"

"परवाना," ताई म्हणाली.

"असा परवाना मी नोकरीत पाहिला नाही." त्यांनी चष्मा खाली घेतला.

"अडीचशे मायक्रॉन," मी मागून सांगितलं.

हस्तांतरणाच्या नोंदीचं पान नववं. कपाळचष्म्यांनी ते उघडलं, पेन टेकवलं, आणि पेन बशीवरून घसरावं तसं घसरलं. दुसरं पेन घेतलं. तेही घसरलं. मग त्यांनी आधी शिक्का मारून बघितला. सुंदर जांभळा गोल उठला. त्यांनी पान जरा तिरकं केलं आणि तो गोल सावकाश खाली सरकायला लागला. अंगठ्याने पुसला, पान पुन्हा कोरं.

"यावर काही बसत नाही हो," ते म्हणाले.

"बसणारच नाही," मी अभिमानाने म्हणालो. "चहासुद्धा बसत नाही."

आणि मग, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्यावर, मी काय बोललो ते मला कळलं.

मेहुण्याने कपाळावर हात मारला. कपाळचष्म्यांनी मात्र नीट समजावून सांगितलं. पान नऊवर नोंद आणि शिक्का झाल्याशिवाय पिस्तूल ताईच्या नावावरून उतरत नाही. उतरलं नाही तर छकुलीच्या नावावर चढत नाही. दुय्यम पुस्तिकेसाठी अर्ज करता येतो, तिला साठ दिवस लागतात. परवाना संपायला सहा दिवस उरले होते.

"तीस तारखेला संपला की काय?" ताईने विचारलं.

"शस्त्र इथे जमा करायचं. जमा झालेलं परत कोणाला मिळत नाही. वर्षातून एकदा सगळी भट्टीत जातात."

"लाकडी मूठ काढून घेता येईल?"

"मूठ शस्त्राचाच भाग धरतात, बाई. मुठीसकट जातं."

ताईने पेटीला कुलूप लावलं. पेटी एका हातात घेतली, पिशवी दुसऱ्या हातात, आणि वळली. पेटीतून बारीक खडखड ऐकू येत होती, कारण हात थरथरत होता. मला त्या क्षणी माझं दुकान, मशीन आणि एकतीस वर्षांचा अनुभव, सगळं त्या भट्टीत टाकावंसं वाटलं.

जिन्यात ती थांबली. "लहानपणी माझ्या भूगोलाच्या वहीला तू असंच कव्हर घातलं होतंस," ती म्हणाली. "उघडतच नव्हती. मी नापास झाले होते."

मेहुणा आणि मी पेन विसरलं म्हणून पुन्हा खिडकीशी गेलो, तेव्हा कपाळचष्मे कागदांत डोकं घालून हळूच म्हणाले, "मला पान नऊचा मूळ कागद दिसला पाहिजे. तेवढंच. बाकी पानांवर मला काही लिहायचं नाहीये."

घरी छकुलीने बोलणं टाकलं. निरोप असला तर चिठ्ठी लिहायची, ती आधी मुद्दाम चुरगाळायची आणि मग माझ्या ताटाशेजारी ठेवायची. बायको मध्ये पडली नाही. उलट तिने मिक्सरचं माहितीपत्रक माझ्यासमोर कपाटातून काढून माळ्यावर टाकलं.

मेहुण्याची वेगळीच अडचण. "लॅमिनेशन लावलंत हा दस्तऐवजात फेरफार," तो म्हणाला. "आता काढाल तर तो दुसरा फेरफार. एक गुन्हा मिटवायला दुसरा करणार तुम्ही." पण दोन दिवस झोप उडवून घेऊन त्यानेच मार्ग काढला. माझं प्रतिज्ञापत्र तयार केलं आणि नोटरीकडे नेलं. त्यात लिहिलं होतं: 'मी, लिहून देणार, कोणताही गैरहेतू मनात न बाळगता, केवळ थोरल्या बहिणीवरील प्रेमापोटी, सदर परवाना लॅमिनेट केला.'

हे वाक्य मी तीनदा वाचलं. साठ वर्षांत ताईशी असलं काही मी बोललो नव्हतो. आमच्यात कोणीच बोलत नाही. आणि आता ते मुद्रांकावर, दोन साक्षीदारांसमोर, सहीनिशी. ताईने कागद घेतला, लांब धरून वाचला, पुन्हा वाचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "याची एक झेरॉक्स मला दे. नुसती झेरॉक्स."

आता प्रश्न होता पान नऊचा. एकतीस वर्षं गिऱ्हाइकांना मी एकच उत्तर देत आलोय, या मशीनमधून गेलं ते गेलं. रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तेच खोटं पाडायला बसलो. ताईच्या कागदावर एकदम हात टाकायची छाती नव्हती, म्हणून घरून माझे कागद आणले. पहिली गुणपत्रिका. फिल्म गरम करून ओढली तर गणिताचे पस्तीस गुण फिल्मबरोबर निघून गेले. त्याचं फार दुःख झालं नाही. मग लग्नाचा दाखला घेतला. त्यातलं माझं नाव राहिलं, बायकोचं गेलं. तो दुकानातल्या कपाटात अगदी खाली ठेवला. राहता राहिलं तीन हातांचं चित्र. ते हातात घेऊन मी बराच वेळ बसून होतो.

शटर वर गेलं. छकुली होती. हातात तिची कामाची पेटी.

"ते ठेवा खाली," ती म्हणाली. चार दिवसांतलं पहिलं वाक्य.

"अगं, सराव..."

"त्या चित्रावर नको. सरका."

तिने स्पिरिटचा दिवा पेटवला, मेण कापायची बारीक सुरी काढली, पातं गरम केलं. कवळीच्या साच्यातून मेण सोडवताना केसाएवढी चूक चालत नाही, हे ती मला अनेकदा सांगायची आणि मी "हो हो" म्हणायचो. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिचं काम बघितलं. तिने माझ्या हातात केस वाळवायचं यंत्र दिलं आणि किती अंतरावर धरायचं ते दाखवलं. मी जवळ नेलं की ओरडायची, "बाबा, लांब!" लांब नेलं की, "बाबा, झोपलात का?" मुलगी तापट नाही म्हणणाऱ्या बाईंना बोलावून आणावंसं वाटत होतं.

दोन तास चाळीस मिनिटं. फिल्म एका कोपऱ्यातून सुटली, मग इंच इंच. कागद मध्ये एकदा कुरकुरला आणि आम्ही दोघांनी श्वास धरला. शेवटी पान नऊ तिच्या तळहातावर आलं. वरचा थर जरा सोललेला, केसाळ, पण अख्खं. छापील ओळी जागच्या जागी. माझ्या चष्म्यावर वाफ धरली होती, ती यंत्राची असं मी सांगितलं. तिने मान्य केलं.

सोमवारी, एकोणतीस तारखेला, तीच वरात पुन्हा तीन जिने चढली. कपाळचष्म्यांनी प्रतिज्ञापत्र वाचलं. 'प्रेमापोटी'शी आल्यावर त्यांनी एकदा ताईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि ते फायलीला लावून टाकलं. मग पान नऊवर नोंद लिहिली. शाई जरा पसरली, पण बसली. त्यांनी शिक्का उचलला, तशी ताई खिडकीतून आत वाकली.

"असा दाबू नका. कागद सोललाय, पाणी पिईल तशी शाई पिईल. पॅडवर अलगद टेकवा. आता सरळ खाली आणा, डुलवू नका. हं. सरळ उचला."

छत्तीस वर्षांचा अनुभव बोलत होता. कपाळचष्म्यांनी शिकाऊ माणसासारखं सगळं ऐकलं. शिक्का उठला, अक्षर न् अक्षर वाचता येण्याजोगा. मग छकुलीच्या हिरव्या पुस्तिकेत नोंद झाली, तिथेही शिक्का बसला. मेहुण्याने दोन्ही नोंदी मोठ्याने वाचल्या आणि खिडकीसमोरच मला मिठी मारली. भाडेकरारात असे प्रसंग येत नाहीत.

ताईने पेटी उघडली. पिवळं फडकं काढलं आणि पिस्तुलाची मूठ पुसायला हात घातला. देण्यापूर्वी पुसून द्यावी, इतकंच तिच्या मनात असणार.

"बाई," कपाळचष्मे म्हणाले, आणि त्यांना ते बोलताना बरं वाटत नव्हतं हे दिसत होतं. "आता तुम्हाला हात लावता येणार नाही. नोंद झाली."

ताईचा हात हवेत राहिला. आठ महिन्यांपूर्वी टेबलावर छकुलीचा राहिला होता तसाच, फक्त हा थरथरत होता.  मेहुण्यानेसुद्धा कायदा काढला नाही, आणि याबद्दल मी त्याला जन्मभर मानीन. ताईने हात मागे घेतला, फडक्याची घडी केली आणि ती छकुलीला दिली.

"डाव्या बाजूला घाम जास्त लागतो," ती म्हणाली. "तिथे नीट पूस."

उतरताना दोन्ही ओझी छकुलीकडे होती. ताईचे दोन्ही हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. कठड्याला धरायची, सोडायची. दुसऱ्या जिन्यावर छकुली थांबली.

"मामा, क्लबात परवानाधारक हाताच्या अंतरावर उभा असला की दुसऱ्याला चालवता येतं ना?"

"येतं. मैदान मंजूर आहे."

"आता परवानाधारक मी आहे ना?"

मेहुणा म्हणाला, "आहेस."

"आत्या, शनिवारी आठला न्यायला येते."

"माझ्या हाताने आता काय लागणार?" ताई म्हणाली. पण तिने कठडा सोडला होता.

शनिवारी आम्ही सगळे गेलो. बायकोसुद्धा, जी आजवर कधी आली नव्हती. ताई रेषेवर उभी राहिली. छकुली तिच्या उजवीकडे, हाताच्या अंतरावर. मेहुण्याने ते अंतर डोळ्यांनी दोनदा मोजलं. पिस्तूल ताईच्या हातात गेलं आणि ती सातवी मूठ तळहातात बसली. हात थरथरतच होता. तिने पाच गोळ्या झाडल्या. तीन मागच्या मातीत गेल्या. दोन कागदाला लागल्या, एक कडेला, एक बऱ्यापैकी आत.

तिने पिस्तूल रिकामं करून छकुलीपुढे ठेवलं आणि कागद बघून म्हणाली, "दोन म्हणजे वाईट नाही."

कागद मी घेतला. कोपरा दुमडला होता, तो सरळ केला. भोकांच्या कडा उसवलेल्या, चार दिवसांत फाटणार हे उघड होतं. माझे हात शिवशिवत होते. पण मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"ताई, लॅमिनेट करू?"

"थांब. आधी सही."

तिने पेन घेतलं आणि दोन भोकांच्या मध्ये सही केली. शेवटची रेघ थरथरत खाली उतरली. मग पेन छकुलीला दिलं, तिने बाजूला सही केली. मेहुण्याने न सांगताच साक्षीदार म्हणून तारखेसकट केली. ताईने शाईवर फुंकर घातली, बोट लावून वाळल्याची खात्री केली आणि कागद माझ्या हातात दिला.

"आता कर," ती म्हणाली. "यावर पुढे काही लिहायचं नाहीये."